दोन सारखे वाटे

गव्हाच्या ढिगात कुणी न निवडताही निवड होते. पोतं ओतलं की मोठे दाणे घरंगळत कडेला जातात. बारीक दाणे आणि माती मधेच राहतात. त्यामुळे ओंजळ कुठून भरली, यावर मालाची प्रत ठरू शकते. बीज परीक्षण प्रयोगशाळेतली माझी सगळी नोकरी या ओंजळीवर विश्वास न ठेवण्यात गेली.

फ्रीडरिख नोब्बे यांनी १८६९ साली जर्मनीतल्या थारांट इथे पहिली बीज परीक्षण प्रयोगशाळा काढली, तेव्हा बियाण्यात भेसळ बोकाळली होती. पण तपासनीस कितीही प्रामाणिक असला, तरी आलेला नमुना तपासणीपुरता लहान करणारा हात त्याचाच. ढीग चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन उचलायचे, ही जुनी रीत.

त्यातला हात काढून टाकणारं यंत्र अमेरिकी कृषी खात्यातल्या ई. जी. बोर्नर यांनी १९१५ साली मांडलं. पुढच्याच वर्षी तिथे धान्याच्या प्रतवारीचा कायदा झाला. एकाच मालाला दोन तपासनीसांनी दोन प्रती देणं आता चालणार नव्हतं.

यंत्रात वर हॉपर, त्याखाली झडप, झडपेखाली शंकू. झडप उघडली की दाणे शंकूच्या टोकावर पडून चहूबाजूंनी पसरतात. पायथ्याशी गोल रांगेत खाचा आहेत. एकीतला दाणा डाव्या भांड्यात, शेजारच्या खाचेतला उजव्या. मोठ्या बियांच्या यंत्रात प्रत्येक बाजूच्या १९ खाचा, रुंदी २५.४ मिलिमीटर. सगळी करामत या संख्येत आहे. दोनच खाचा असत्या, तर धारेतला कचरा एकीकडे झुकला असता. ३८ खाचांत तो दोन्हीकडे विखुरतो. बियाणं सफाईच्या कारखान्यात एक धार अनेक चाळण्यांवर सोडतानाही हेच जमावं लागतं, नाहीतर एक चाळणी तुंबते आणि दुसरी रिकामी हलते.

गव्हाचा किलोभर नमुना तीनदा अर्धा केला की सव्वाशे ग्रॅम उरतो. शुद्धतेच्या तपासणीला १२० लागतात. त्याआधी नमुना यंत्रातून काढून, दोन्ही वाटे पुन्हा एकत्र करून मिसळून घ्यायचा.

यंत्राला ना मोटर, ना वीज. पथ्यं मात्र दोन. ते समपातळीत हवं, आणि दर नमुन्यानंतर खाचांतून ब्रश फिरायला हवा. नव्या मुलांना मी म्हणत असे, “बाळांनो, अडकलेला एक तणाचा दाणा पुढच्याच्या बियाण्याच्या माथी बसतो, आणि आपल्या अहवालावर खटला उभा राहतो.”