तळटीप : मऊ स्नायू

* मऊ स्नायू : हा शब्द लेखकाने अलंकार म्हणून वापरलेला नाही. रबरासारख्या पातळ पडद्याच्या दोन्ही बाजूंना वीजवाहक थर देऊन काही हजार व्होल्टची वीज लावली, की विरुद्ध भार एकमेकांकडे ओढले जातात. पडदा चेपतो आणि पसरतो. वीज काढली की पूर्ववत. मोटर नाही, दातेरी चाके नाहीत. चीनमधील झेजियांग विद्यापीठातील संशोधकांनी अशा स्नायूंवर चालणारा २२ सेंटिमीटर लांबीचा यंत्रमासा बनवला. २०१९मध्ये मारियाना गर्तेत, १०,९०० मीटर खोलीवर, त्याने पंख हलवले. (तिथे तो लँडरला जोडलेला होता. मोकळा पोहला तो दक्षिण चीन समुद्रात, ३,२२४ मीटरवर. या दोन चाचण्यांची गल्लत होऊ नये.) गर्तेतला दाब आपल्या भोवतीच्या हवेच्या हजारपटीहून अधिक! तरीही पोलादी कवचाविना तो टिकला, याचे श्रेय स्नायूंइतकेच मांडणीलाही द्यायला हवे. इलेक्ट्रॉनिक भाग एका पट्टीवर दाटीने न बसवता मऊ सिलिकॉनमध्ये सुटेसुटे रोवल्याने त्यांच्या सांध्यांवरचा ताण घटला. ही कल्पना खोल गर्तांत राहणाऱ्या स्नेलफिश माशाच्या, पूर्ण न जुळलेल्या कवटीवरून घेतलेली आहे. – संपा.