सतरा बिंदू कुठे गेले? चॅलेंजर दुर्घटना आणि एक अर्धा आलेख (थ्रेड)

आधी परीक्षेत शोभेल असा एक प्रश्न सोडवू. आडव्या अक्षावर तापमान आहे, उभ्या अक्षावर बिघाडांची संख्या. आलेखावर एकूण सात बिंदू. ५३ अंश फॅरनहाइटला तीन बिघाड; ५७, ५८ आणि ६३ अंशांना प्रत्येकी एक; ७० अंशांच्या दोन उड्डाणांत एकेक; आणि ७५ अंशांना दोन. तापमानाचा बिघाडाशी संबंध दिसतो का?

थंडीत बिघाड, उबेतही बिघाड. म्हणजे संबंध नाही. बहुतेकांचे उत्तर हेच येते. हे आकडे मात्र खरे आहेत.

अमेरिकेच्या अंतराळयानाला जोडलेले घन इंधनाचे बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेले असत. सांध्यांतून तप्त वायू बाहेर पडू नये म्हणून त्यांत ‘ओ-रिंग’ नावाची रबरी कडी बसवलेली असे. थंडीत रबर ताठरते आणि फट वेळेवर बुजत नाही. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, फ्लोरिडात गोठवणाऱ्या थंडीचा अंदाज असताना, बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकॉलच्या अभियंत्यांनी दूरध्वनी-बैठकीत नासाला सांगितले : ५३ अंशांखाली उड्डाण करू नका.

प्रतिप्रश्न आला तो नेमका वरच्या उत्तरासारखा. ७५ अंशांनाही वायू निसटला होताच ना? अभियंता रॉजर बोझोले सांगत राहिले, की ५३ अंशांच्या उड्डाणातील काजळी कितीतरी अधिक काळी आणि दूरवर पसरलेली होती. पण आकड्यांत ‘तीन’ आणि ‘दोन’ हे शेजारीच असतात. काजळीचा रंग त्यांत उतरत नाही. सुमारे अर्ध्या तासाच्या अंतर्गत खलबतानंतर व्यवस्थापकांनी शिफारस फिरवली. पुरावा निर्णायक नाही, असे ठरले.

दुसऱ्या दिवशी चॅलेंजर ७३ सेकंदांत आकाशातच विखुरले. सातही अंतराळवीर गेले.

या चौकशीतले रिचर्ड फाइनमन यांचे बर्फाच्या पाण्याचे प्रात्यक्षिक सर्वांना आठवते. मला त्याहून मोलाचे वाटतात ते रॉजर्स आयोगाच्या अहवालातले दोन आलेख. त्या रात्री असा आलेख कोणी मांडलाच नव्हता. आयोगाने तो नंतर काढून दाखवला. पहिल्यात आपले सात बिंदू, म्हणजे केवळ बिघाड झालेली उड्डाणे. दुसऱ्यात सगळी चोवीस.

उरलेले सतरा बिंदू शून्याच्या रेषेवर आहेत, आणि ते सगळेच्या सगळे ६६ अंश किंवा त्याहून उबदार हवामानातले! उबेतल्या वीस उड्डाणांपैकी तिघांत बिघाड. ६३ अंश व त्याखालच्या चारही उड्डाणांत बिघाड. काही बिघडले नाही अशी उड्डाणे ‘माहिती’ म्हणून मोजायची कोणाला सुचले नव्हते. खरे तर त्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशीच होते.

आता पहिल्या आलेखाकडे पुन्हा पाहा. ५३ च्या डावीकडे एकही बिंदू नाही, कारण तितक्या थंडीत यान कधी उडालेच नव्हते. २८ जानेवारीला उड्डाणाच्या क्षणी हवेचे तापमान होते ३६ अंश.