मेंदूची चित्रे आणि संशोधकांची इर्जिक

मेंदूच्या संशोधनाशी कामगार चळवळीतल्या माणसांचा संबंध काय, असे कोणी विचारील. अवजार कोणाच्या मालकीचे, हा आमचा जुना प्रश्न आहे. आणि मेंदूचे चित्र काढण्याच्या विद्येलाही तो चुकलेला नाही.

साध्या क्ष-किरण चित्रात कवटीचे हाड दिसे, आतला मऊ मेंदू दिसत नसे. ही अडचण दूर केली ती गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज शेतकऱ्याच्या मुलाने. विद्यापीठाची पदवी त्याच्यापाशी नव्हती. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडावे आणि गणकयंत्राने हिशेब जुळवून आतल्या थराचे चित्र उभे करावे, ही त्याची युक्ती. १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने चित्र काढण्याची वाट दाखविली. तीच आजची एमआरआय. पुढे १९९० साली सेइजी ओगावा यांनी उंदरांवरील प्रयोगांतून सिद्ध केले की, रक्तातील प्राणवायूच्या फरकाची खूण या चित्रात उमटते. मेंदूचा कोणता भाग कामाला लागला आहे, हे त्यावरून ताडता येऊ लागले.

परंतु यंत्र देते ते केवळ आकड्यांचे ढीग. त्यांतून अर्थ काढावयास गणिताची अवजारे, म्हणजे संगणकाचे प्रोग्रॅम लागतात. लंडनचे कार्ल फ्रिस्टन आणि अमेरिकेतील मिलवॉकीचे रॉबर्ट कॉक्स यांनी १९९० नंतरच्या काही वर्षांतच असे प्रोग्रॅम रचले आणि इतर संशोधकांना मोकळे करून दिले. मिलवॉकीतच भारत बिस्वाल यांनी १९९५ साली दाखविले की, माणूस स्वस्थ पडून असतानाही मेंदूचे दूरचे भाग एका लयीत चालतात. २०१० साली त्यांनी व सहकाऱ्यांनी ३५ केंद्रांतील १,४१४ लोकांची चित्रे एकत्र करून जगापुढे ठेवली. आपल्या मराठवाड्यात एखाद्याचे शेत मागे पडले की दहा घरची औते येऊन ते उरकून देत. त्याला इर्जिक म्हणत. ही तशीच इर्जिक.

तिचा खरा लाभ २०१६ साली दिसला. स्वीडनचे अँडर्स एक्लुंड आणि सहकारी यांनी याच खुल्या साठ्यातील ४९९ निरोगी माणसांची चित्रे घेऊन नावाजलेले प्रोग्रॅम तपासले. शंभरात पाचच वेळा चुकावी अशी रीत काही प्रकारांत सत्तर वेळांपर्यंत चुकत होती! एका प्रोग्रॅममध्ये तर पंधरा वर्षे दोष दडून बसला होता. अवजारही खुले आणि चित्रेही खुली, म्हणूनच ही चोख तपासणी झाली. संघटनेचा जमाखर्च सभेपुढे उघडा ठेवावा, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. उघड्या वहीत चूक होतच नाही असे नाही. पण ती लपून राहणे कठीण.

तरी श्रोतेहो, ही इर्जिक अर्धीच आहे. प्रोग्रॅम फुकट मिळतो. यंत्र मात्र कोट्यवधींचे, आणि बहुतांशी परदेशातून येणारे. पवईच्या 'समीर' या सरकारी संस्थेने देशी एमआरआय यंत्र बनविण्याचे काम हाती घेतले आहे, ते या दृष्टीने मोलाचे. जिंतूर-गंगाखेडच्या रोग्याला परवडेल अशा दराने ते चित्र मिळेल, तेव्हाच काम पुरे झाले म्हणावे. औत सर्वांचे झाले. बैल अजून व्हावयाचे आहेत. तोवर आपल्या महाविद्यालयांतील मुलांनी निदान ते औत हाती धरावे. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.