पहिल्या पानावरचे दुकान

2010 च्या नाताळाच्या हंगामात अमेरिकेत गूगलवर ‘ड्रेसेस’ हा शब्द टाकला की सर्वांत वर दिसे ते जे. सी. पेनीचे दुकान. चादरी-पलंगपोस शोधा, गालिचे शोधा, पेनी आहेच. सॅमसोनाइटची बॅग शोधणाऱ्यालाही खुद्द सॅमसोनाइटच्या आधी पेनी भेटे. वायोमिंगमधल्या केमरर या खाणगावात 1902 मध्ये सुरू झालेले हे जुने घराणे. आपला जाडजूड कॅटलॉग बंद करत असल्याचे त्याने 2009 मध्ये जाहीर केले होते. घरोघरच्या टेबलावर मिळणारी जागा गेली, तेव्हा शोधयंत्राच्या पहिल्या पानावरची जागा अधिकच मोलाची झाली.

ही जागा ठरते कशी? अल्टाव्हिस्टासारखी आरंभीची शोधयंत्रे मुख्यतः पानावरचेच शब्द पाहत. मग दुकानदारही पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत तोच शब्द शंभरदा लिहून ठेवू लागले. गिऱ्हाइकाला दिसत नसे, यंत्राला दिसे. 1998 मध्ये स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी यावर उतारा मांडला: पान स्वतःबद्दल काय म्हणते यापेक्षा त्याच्याकडे बोट कोण दाखवते ते मोजावे. कल्पना विद्यापीठातली होती. कोणत्या निबंधाचा दाखला किती जणांनी दिला याची सूची यूजीन गारफिल्ड यांनी 1960 च्या दशकातच छापायला घेतली होती. विद्वानांतही एकमेकांचे दाखले देणाऱ्या टोळ्या असतात, ती गोष्ट वेगळी. पण तिथे निदान निबंध तरी लिहावा लागतो. बाजारात दाखला थेट विकत मिळतो.

शिवाय बोट कौतुकाने दाखवले की रागाने, हे नुसत्या मोजणीत कळत नाही. नोव्हेंबर 2010 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ब्रुकलिनमधल्या चष्म्यांच्या एका ऑनलाइन दुकानाची हकिगत छापली. गिऱ्हाइकांना धमकावणारा मालक उघडपणे सांगत होता, की लोक जितक्या तक्रारी लिहितात तितके माझे दुकान वर चढते. हे कितपत खरे, यावर वाद झाला. पण आठवड्याभरातच गूगलने अशा दुकानांना खाली ढकलण्यासाठी गणितात बदल केल्याचे जाहीर केले. मालकाला अटक झाली.

पेनीचे बिंग त्याच वृत्तपत्राने 12 फेब्रुवारी 2011 रोजी फोडले. वृत्तपत्राने नेमलेल्या जाणकाराला दोन हजारांहून अधिक पानांवर पेनीकडे नेणाऱ्या लिंक आढळल्या होत्या. घोरणे, मासेमारी, दंतवैद्य अशा विषयांची ती पाने. त्यांच्या कोपऱ्यात मधेच ‘इव्हनिंग ड्रेसेस’ किंवा ‘कॅज्युअल ड्रेसेस’. आपल्याला यातले काही ठाऊक नव्हते, असे पेनीने सांगितले आणि हे काम पाहणाऱ्या संस्थेला काढून टाकले. गूगलची कारवाई लेख छापून येण्याआधीच झाली होती. बुधवारी संध्याकाळी सात वाजता सॅमसोनाइटच्या बॅगेसाठी पेनी पहिल्या क्रमांकावर होती. नऊ वाजता एकाहत्तराव्या.

मला या प्रकरणात लबाडीपेक्षा ते दोन तास अधिक महत्त्वाचे वाटतात. एखाद्या दुकानाला रस्त्यावरून उचलून गावाबाहेर नेऊन ठेवावे, तसा हा प्रकार. नियम गूगलचे, तपास गूगलचा, शिक्षाही गूगलचीच. आणि पेनी ही गूगलची मोठी जाहिरातदारही होती. दोन्हींचा काही संबंध नाही, असे कंपनीने सांगितले. मात्र जाहिरातींवर जगणारे शोधयंत्र जाहिरातदारांकडे झुकणारच, हा इशारा पेज आणि ब्रिन यांच्याच 1998 च्या निबंधात आहे.

पेनीची शिक्षा सुमारे तीन महिन्यांनी उठली. लहान दुकानदाराची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी कोणी वार्ताहर येत नाही. एप्रिल 2012 मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल आणला आणि खोटे दाखले हुडकण्याचे काम गणिताकडे गेले. कालपर्यंत लिंकसाठी पैसे मोजणारे आता त्या काढून टाकण्यासाठी पत्रे लिहू लागले. त्यासाठीही पैसे मागणारे महाभाग निघाले. वैऱ्यानेच मुद्दाम आपल्या नावाच्या वाईट लिंक पेरल्या तर, ही धास्ती वेगळीच. अखेर ऑक्टोबरमध्ये गूगलने एक नवी सोय दिली: ज्या लिंक आपल्या हिशेबात धरू नयेत असे वाटते, त्यांची यादी दुकानदाराने स्वतःच करून पाठवायची.