चिंध्यांतून घडलेला इतिहास

बदलीच्या गावी निघालेल्या मराठी कुटुंबाच्या वळकटीत एखादी गोधडी हमखास असे. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर धावदोऱ्याने शिवून ती सिद्ध होई; शिवणारीचे नाव मात्र तिच्यावर नसे. अशाच कामाला अमेरिकेत कलेच्या इतिहासात स्थान मिळाले. ती हकीकत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अलाबामा राज्यात, अलाबामा नदीच्या वळणात गीज बेंड हे खेडे आहे. तेथील बहुतेक कृष्णवर्णीय कुटुंबे कापसाच्या मळ्यावरील गुलामांची वंशज होत. एका मळेवाल्याचे ‘पेटवे’ हे आडनाव आजही त्यांच्यापैकी अनेकजण लावतात. थंडीच्या निवारणार्थ तेथील स्त्रिया झिजलेले कामाचे कपडे व पिठाच्या पोत्यांचे कापड जोडून गोधड्या शिवीत. हाती येईल त्या तुकड्यावरून रचना ठरे. विटलेल्या विजारीचा खिसा उसवला की खाली राहिलेला गडद निळा चौकोनही त्या रचनेत शोभून दिसे. १९४२ साली मिसूरी पेटवे यांनी दिवंगत पतीच्या कामाच्या कपड्यांचीच गोधडी शिवली. त्यांची आठवण अंगावर पांघरता यावी, एवढाच हेतू होता.

या खेड्याने अन्यायही सोसला. कृष्णवर्णीय लोक मतदारनोंदणीसाठी नदीपलीकडे जाऊ लागताच १९६२ मध्ये तेथील तर बंद करण्यात आली; ती पुन्हा सुरू होण्यास २००६ साल उजाडले. १९६५ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग येथे येऊन गेले. पुढील वर्षी परिसरातील स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभारली. १९७२ पासून सीअर्स कंपनीसाठी कॉर्डरॉयचे अभ्रे शिवले जाऊ लागले आणि उरलेले तुकडे घरोघरच्या गोधड्यांत गेले.

२००२ मध्ये या गोधड्या ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात आणि त्यानंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतींवर झळकल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटेही निघाली. आम्हांस याहून मोलाची वाटते ती गोष्ट ही, की प्रत्येक गोधडीसोबत ती शिवणारीचे नाव नोंदले गेले.

आपल्या आजी-पणजींच्या वाट्यास हे भाग्य आलेले नाही. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने मंडळाच्या सभासदांना आमची विनंती आहे, की घरातील गोधडीच्या एका कोपऱ्यात ती शिवणारीचे नाव, गाव व साल चार टाक्यांनी घालून ठेवावे. सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत, तोवरच हे होण्याजोगे आहे.