पालवणकर बाळू : चेंडूचा विटाळ नव्हता, कपाचा होता

भोंगवली-भोरकडच्या आपल्या पोरांना क्रिकेटचे आकडे पाठ असतात. पण पालवणकर बाळू कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

चांभार समाजातले बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टी राखायचे आणि ग्रेग या इंग्रज फलंदाजाला सरावासाठी चेंडू टाकायचे. पुढे पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला जिंकण्यासाठी त्यांची डावखुरी फिरकी हवी झाली. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात! १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून जास्त बळी घेतले. तरी हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच दिलं गेलं नाही.

१९२० मध्ये भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून खेळायला नकार दिला. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. गुणवत्तेने संघात जागा मिळाली. मानासाठी नकार द्यावा लागला.

१९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. म्हणून त्यांना विसरायचं का? आम्ही म्हणतो, नाही. त्यांचं ते राजकारण आम्ही नाकारतो, त्यांचा अपमान विसरत नाही. ‘खेळात जात नसते’ म्हणणाऱ्यांपुढे हाच इतिहास ठेवूया.

जय भीम!