वैमानिक-जोडी

प्रवासी विमानावर कप्तान व सहवैमानिक यांची नेमणूक करताना उभयतांच्या उड्डाणतासांची केवळ बेरीज पाहणे अपुरे होय. उड्डाणाच्या क्षणी एकाने वेग पुकारावा, दुसऱ्याने तत्काळ नाक उचलावे, आणि विलंब दिसताच कनिष्ठानेही निःसंकोच बजावावे, ही शिस्त अधिक मोलाची. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादेहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ विमान, धावपट्टी संपली तरी पुरेसे न चढल्यामुळे, लगतच्या बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी नेणाऱ्या मालमोटारीस धडकले व पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. ११८ जणांपैकी ५५ मृत्युमुखी पडले. नाक उशिरा व चुकीच्या पद्धतीने उचलल्याचा ठपका चौकशीत वैमानिकांवर आला. परंतु उड्डाणवेळी त्या रस्त्यावरील रहदारीचा बंदोबस्त न करण्याची कसूर, आणि ती न्याय्यपणेच, विमानतळ प्राधिकरणाचीही ठरली.